पल्सारच्या शोधातील रेडिओ व्यत्यय आणि तो गाळणाऱ्या संगणक आज्ञावली : खोडदच्या दुर्बिणीचे उदाहरण

१. प्रस्तावना

निपाणी, चिकोडी, बेळगाव या भागातील ज्यांनी पूर्वी संध्याकाळी मध्यम लहरींवर आकाशवाणीचे सांगली किंवा धारवाड केंद्र ऐकले आहे, त्यांना एक अनुभव परिचयाचा असेल. बातम्या चालू असताना शेजारच्या पिठाच्या गिरणीची मोटर सुरू झाली की रेडिओत खरखर सुरू होई. घरात मिक्सर लावला की निवेदकाचा आवाज बुडून जाई. पावसाळ्यात वीज चमकली की क्षणभर 'खट्ट' असा आवाज येई. ऐकणारा मात्र रेडिओ बंद करीत नसे. खरखर कोणती आणि निवेदकाचे शब्द कोणते, याची निवड त्याचा कान आपोआप करीत असे.

रेडिओ खगोलशास्त्रज्ञांपुढे हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा असतो. त्यांना जे ऐकायचे असते ते हजारो प्रकाशवर्षे दूर असलेल्या ताऱ्याकडून आलेले अत्यंत क्षीण स्पंदन असते आणि त्याभोवतीची खरखर मात्र आपण माणसांनीच निर्माण केलेली असते. निवड करायला तेथे मानवी कान पुरा पडत नाही. ते काम संगणकाच्या आज्ञावलीकडे द्यावे लागते.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडद येथे असलेली जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जी.एम.आर.टी., ही दुर्बीण या प्रश्नाचे आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण आहे. पल्सारच्या शोधमोहिमांत येणारा रेडिओ व्यत्यय कसा ओळखतात, तो गाळणाऱ्या आज्ञावली कोणत्या तत्त्वांवर चालतात आणि गाळताना कोणती जोखीम असते, हे महाविद्यालयीन शिक्षकांसमोर मांडणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. विषय भौतिकशास्त्राचा असला तरी त्यातील मुख्य मुद्दा सर्व विद्याशाखांच्या कामाचा आहे. व्यत्यय काढणे ही वरवर साफसफाई वाटते. वस्तुतः तो एक निर्णय असतो, आणि निर्णयाला निकष, नोंद व फेरतपासणी या तीन गोष्टी लागतात.

२. पल्सार आणि त्याच्या संकेताची ओळख

मोठा तारा आयुष्याच्या अखेरीस स्फोट पावतो तेव्हा त्याचा गाभा आकसून न्यूट्रॉन तारा बनू शकतो. सूर्याहून काहीसे अधिक वस्तुमान सुमारे २० ते २५ किलोमीटर व्यासाच्या गोळ्यात सामावलेले असते. असा तारा वेगाने स्वतःभोवती फिरतो आणि त्याच्या चुंबकीय ध्रुवांकडून रेडिओ लहरींचा झोत बाहेर पडतो. दीपगृहाच्या दिव्याप्रमाणे हा झोत दर फेरीला एकदा पृथ्वीवरून फिरला की आपल्याला एक स्पंदन मिळते. अशा ताऱ्याला पल्सार म्हणतात.

पहिला पल्सार १९६७ साली केंब्रिज येथे जोसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला सापडला. अँटनी ह्यूइश हे तिचे मार्गदर्शक होते. दुर्बिणीच्या नोंदी त्या काळी कागदाच्या लांब पट्टीवर उमटत आणि त्या डोळ्यांनी तपासाव्या लागत. पट्टीवर एके ठिकाणी बारीकसा, नीट न समजणारा डाग दिसत होता. तो पृथ्वीवरील व्यत्यय असावा अशी शंका घेणे साहजिक होते. परंतु तो डाग घड्याळाच्या वेळेनुसार येत नव्हता. तो ताऱ्यांच्या वेळेनुसार येत होता, म्हणजे दररोज सुमारे चार मिनिटे आधी. गिरणीची मोटर किंवा मोटारीचे इंजिन ताऱ्यांची वेळ पाळत नाही. पुढे बारकाईने नोंद घेतल्यावर दर १.३३७ सेकंदांनी येणारी नियमित स्पंदने दिसली. १९६८ च्या फेब्रुवारीत हा शोध प्रसिद्ध झाला.

या इतिहासातला बोध आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. पल्सारचा शोध 'व्यत्यय' म्हणून टाकून दिला जाण्याच्या उंबरठ्यावर होता. तो वाचला, कारण तपासणाऱ्या व्यक्तीने टाकण्यापूर्वी योग्य प्रश्न विचारला.

पल्सारच्या संकेताला आणखी एक ओळखखूण असते. ताऱ्यांमधील अवकाश पूर्ण रिकामे नसते. त्यात विखुरलेले इलेक्ट्रॉन असतात. त्यांतून येताना कमी वारंवारतेच्या लहरी जास्त वारंवारतेच्या लहरींपेक्षा उशिरा पोहोचतात. यास अपस्करण म्हणतात. वाटेत एकूण किती इलेक्ट्रॉन लागले याचे माप म्हणजे अपस्करण मान होय. उदाहरणार्थ, हा मान ५० एकके असेल, तर ५०० मेगाहर्ट्झवरील स्पंदनाच्या तुलनेत ३०० मेगाहर्ट्झवरील तेच स्पंदन सुमारे १.५ सेकंद मागे राहते. म्हणून दुर्बिणीच्या आलेखावर पल्सारचे स्पंदन उभ्या रेघेसारखे दिसत नाही, ते वाकलेल्या रेषेसारखे उमटते. याउलट शेजारच्या तारेवरील ठिणगी सर्व वारंवारतांवर एकाच क्षणी पोहोचते, कारण तिच्या वाटेत अवकाशातील इलेक्ट्रॉन येतच नाहीत.

३. खोडदची दुर्बीण आणि व्यत्ययाचे प्रकार

प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या जी.एम.आर.टी.मध्ये प्रत्येकी ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना आहेत. त्यांपैकी १४ अँटेना सुमारे एक किलोमीटरच्या मध्यवर्ती परिसरात असून उरलेले १६ इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकारात दूरवर पसरलेले आहेत. त्यांतील सर्वांत लांबचे अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. ही दुर्बीण टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे पुणे येथील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र चालवते. मोठ्या शहरांपासून दूर आणि डोंगरांच्या आडोशाला असलेली रेडिओदृष्ट्या शांत जागा म्हणून खोडदची निवड झाली.

पल्सारच्या क्षेत्रात या दुर्बिणीने मोलाचे काम केले आहे. २००४ साली एन.जी.सी. १८५१ या तारकागुच्छात तिच्या साह्याने एक पल्सार सापडला. तो सुमारे ५ मिलिसेकंदांत एक फेरी घेतो आणि जोडीदार ताऱ्याभोवती अतिशय लांबट कक्षेत फिरतो. पुढे भास्वती भट्टाचार्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आकाशाचा सूक्ष्म वेळमापनाचा शोध हाती घेतला. त्या मोहिमेचे पहिले निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले.

अशा मोहिमेत माहितीचा पूर किती असतो, याची कल्पना एका साध्या गणिताने येते. मिळालेला संकेत २०४८ वारंवारता-चॅनेलांत विभागला आणि दर ८१.९२ मायक्रोसेकंदांनी प्रत्येक चॅनेलची एक नोंद घेतली, तर दर सेकंदाला सुमारे अडीच कोटी संख्या जमा होतात. आकाशाच्या एका दिशेकडे केवळ दहा मिनिटे पाहिले तरी १५०० कोटी संख्या तयार होतात. जोसेलिन बेलप्रमाणे कागद पसरून पाहणे येथे शक्य नाही.

या संख्यांत मिसळणारा मानवनिर्मित व्यत्यय ढोबळमानाने तीन प्रकारांत मांडता येतो.

पहिला प्रकार अरुंद पट्ट्याचा. दूरचित्रवाणी, बिनतारी संदेश यंत्रणा, मोबाइल मनोरे व उपग्रह ठराविक वारंवारतांवर प्रसारण करतात. ३६० ते ३८० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात एका परदेशी नौदलाचे दळणवळण उपग्रह प्रक्षेपण करतात. जी.एम.आर.टी.चा २५० ते ५०० मेगाहर्ट्झचा पट्टा त्यामुळे मध्येच डागाळतो. डोंगरांचा आडोसा जमिनीवरील मनोऱ्यांपासून रक्षण करतो, डोक्यावरच्या उपग्रहापासून करू शकत नाही.

दुसरा प्रकार रुंद पट्ट्याचा, क्षणिक. उच्च दाबाच्या वीजवाहिनीवरील सैल जोड, तडा गेलेले चिनीमातीचे इन्सुलेटर, रोहित्रातील ठिणग्या यांतून क्षणार्धाचा धक्का निघतो. तो एकाच वेळी शेकडो चॅनेलांत पसरतो.

तिसरा प्रकार आवर्ती, म्हणजे ठराविक कालांतराने पुन्हापुन्हा येणारा. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची आहे. त्यामुळे वीजवाहिनीतील ठिणग्या बहुधा दर २० किंवा १० मिलिसेकंदांनी उठतात. हा व्यत्यय अनेकदा इतका मंद असतो की एकेक धक्का वेगळा ओळखू येत नाही. परंतु पल्सार शोधणारी आज्ञावली नेमकी आवर्ती स्पंदनेच शोधत असते. त्यामुळे हा प्रकार तिला सर्वांत जास्त फसवतो.

४. गाळणीच्या पायऱ्या

अ) मध्यकाची कसोटी. क्षणिक धक्के पकडण्याचा सोपा मार्ग म्हणजे नेहमीपेक्षा फार मोठी असलेली संख्या वगळणे. परंतु 'नेहमीपेक्षा' म्हणजे कशापेक्षा? सात नोंदी घेऊ : १०, ११, ९, १०, १२, १० आणि ९५. शेवटची नोंद उघडच संशयास्पद आहे. आपण सरासरी काढली तर ती २२.४ येते आणि प्रमाण विचलन सुमारे २९.६ येते. सरासरीपासून प्रमाण विचलनाच्या तिपटीपर्यंतचे सर्व ग्राह्य धरले तर वरची मर्यादा सुमारे १११ होते. म्हणजे ९५ ही संख्या सुटून जाते! दोषी संख्येने सरासरी व विचलन दोन्ही फुगवून स्वतःच स्वतःला लपवले.

आता मध्यक घेऊ. संख्या चढत्या क्रमाने लावल्यास मधली संख्या १० येते. प्रत्येक संख्येचे १० पासूनचे अंतर ०, १, १, ०, २, ०, ८५ असे आहे आणि या अंतरांचा मध्यक १ आहे. प्रमाण विचलनाशी तुलना करता यावी म्हणून त्याला १.४८२६ ने गुणतात. तिपटीची मर्यादा सुमारे ४.४ येते. म्हणजे साधारण ५.६ ते १४.४ या पट्ट्याबाहेरील संख्या वगळायच्या. ९५ तात्काळ बाहेर पडते आणि इतर सहा सुरक्षित राहतात.

जी.एम.आर.टी.मध्ये कौशल बुच व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच तत्त्वावरील गाळणी प्रत्यक्ष निरीक्षण चालू असतानाच काम करेल अशी विकसित केली. ती अँटेनाकडून आलेल्या मूळ संकेतावरच लावली जाते. याचे कारण महत्त्वाचे आहे. ठिणगीचा धक्का अत्यंत अल्पकाळाचा असतो. पुढच्या टप्प्यावर संख्यांची बेरीज होऊन नोंद ठळक कालावधीची झाली की धक्का त्यात विरघळतो आणि त्याला वेगळे काढता येत नाही. दुधात पाणी पडण्याआधीच ते अडवावे, त्यातला प्रकार आहे. वगळलेल्या नमुन्याच्या जागी स्थिर संख्या किंवा नैसर्गिक गोंगाटासारख्या कृत्रिम संख्या भरण्याची सोय असते.

आ) मास्क. नोंदी साठवल्यानंतर दुसरी तपासणी होते. स्कॉट रॅन्सम यांनी तयार केलेला 'प्रेस्टो' हा आज्ञावली-संच जगभर पल्सार शोधासाठी वापरला जातो. त्यातील व्यत्यय शोधणारा भाग संपूर्ण माहितीचे वेळ आणि वारंवारता यांनुसार चौकोनी तुकडे करतो. प्रत्येक तुकड्याची सरासरी, विचलन आणि त्यातील सर्वांत प्रबळ आवर्तन तो तपासतो. जे तुकडे इतरांपेक्षा वेगळे वागतात त्यांवर खूण केली जाते. अशा खुणांच्या नकाशाला मास्क म्हणतात. मूळ माहिती तशीच राहते. पुढील शोधात मास्क केलेले तुकडे विचारात घेतले जात नाहीत. जी.एम.आर.टी.च्या पल्सार माहितीसाठी 'जीपीटूल' ही आज्ञावलीही तयार करण्यात आली आहे.

इ) शून्य अपस्करणाची वजाबाकी. २००९ साली ईटफ, कीन व लाइन यांनी एक अतिशय सोपी युक्ती मांडली. प्रत्येक क्षणी सर्व चॅनेलांची सरासरी काढायची आणि ती प्रत्येक चॅनेलमधून वजा करायची. पृथ्वीवरील धक्का सर्व चॅनेलांत एकाच क्षणी येत असल्याने तो जवळजवळ पूर्ण वजा होतो. पल्सारचे स्पंदन निरनिराळ्या चॅनेलांत निरनिराळ्या क्षणी येत असल्याने ते बहुतांशी शाबूत राहते. दहावीच्या विद्यार्थ्यालाही समजेल अशी ही वजाबाकी आहे.

ई) फूरिए रूपांतराने आवर्ती व्यत्यय काढणे. ५० हर्ट्झच्या मंद पण चिवट व्यत्ययावर वरील उपाय अपुरे पडतात. त्यासाठी योगेश मान, जोएरी व्हॅन लीउवेन व डॅनी व्होल यांनी २०२१ साली 'आर.एफ.आय.क्लीन' या आज्ञावलीची पद्धत प्रसिद्ध केली. ती प्रत्येक चॅनेल वेगळा घेते, त्याचे छोटे कालखंड करते आणि प्रत्येक खंडाचे फूरिए रूपांतर काढते. फूरिए रूपांतर म्हणजे एखाद्या मिश्र आवाजात कोणकोणते सूर किती प्रमाणात आहेत याची यादी. त्या यादीत जो सूर मर्यादेपेक्षा प्रबळ दिसेल तो दाबला जातो आणि उलट रूपांतर करून माहिती पूर्ववत मांडली जाते. संपूर्ण तुकडा फेकण्याऐवजी केवळ बेसूर तेवढा काढला जातो, हा या पद्धतीचा लाभ होय.

येथे सुजाण वाचक विचारील की पल्सारही आवर्तीच असतो, मग तोही दाबला जाणार नाही काय? उत्तर प्रमाणात आहे. अज्ञात पल्सार इतका क्षीण असतो की एका चॅनेलच्या एका छोट्या खंडात तो मर्यादेपर्यंत पोहोचतच नाही. सर्व चॅनेल योग्य विलंबाने जुळवून व सर्व वेळ एकत्र करूनच तो वर येतो. व्यत्यय मात्र बहुधा एकेका खंडातच मर्यादा ओलांडतो. प्रखर व आधीपासून ज्ञात असलेल्या पल्सारसाठी त्याची वारंवारता सुरक्षित ठेवण्याची सूचना आज्ञावलीला देता येते.

उ) अनेक अँटेनांची साक्ष. जयंत रॉय, जयराम चेंगलूर व उए-ली पेन यांच्या नावे असलेल्या पद्धतींसारख्या उपायांत दोन-दोन अँटेनांच्या संकेतांचा परस्परसंबंध वापरला जातो आणि प्रत्येक अँटेनाचा स्वतःचा गोंगाट बाजूला ठेवला जातो. दूर असलेल्या दोन अँटेनांना आकाशातील तारा एकच दिसतो. एका शेतातील खांबावरची ठिणगी मात्र दोघांना सारखी ऐकू जात नाही.

५. काय टाकायचे, काय ठेवायचे

वरील प्रत्येक गाळणीची स्वतःची किंमत आहे, ती विद्यार्थ्यांपासून लपवू नये. शून्य अपस्करणाची वजाबाकी जवळच्या, कमी अपस्करण असलेल्या पल्सारचे स्पंदनही कापू शकते. ५० हर्ट्झच्या आसपासचे सर्व काही काढून टाकले, तर २० मिलिसेकंदांच्या आसपास फिरणारा खरा पल्सारही त्यात जाऊ शकतो. मध्यकाची मर्यादा फार कडक ठेवली तर अवकाशातील एखादे तेजस्वी क्षणिक स्पंदनच ठिणगी समजून टाकले जाईल.

दोन्ही बाजूंनी चूक कशी होऊ शकते, याचे उत्तम उदाहरण ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीचे आहे. तेथे २००१ साली झालेल्या नोंदींत डंकन लॉरिमर व सहकाऱ्यांना २००७ साली एक अतिशय तीव्र, एकदाच आलेले स्पंदन सापडले. त्याचे अपस्करण इतके मोठे होते की ते आपल्या आकाशगंगेबाहेरून आले असावे असे अनुमान निघाले. परंतु २०११ साली त्याच दुर्बिणीवर अपस्करणाची नक्कल करणारी, पण उघडपणे पृथ्वीवरील असलेली काही स्पंदने नोंदली गेल्याचे प्रसिद्ध झाले. त्यांना 'पेरिटॉन' असे नाव दिले गेले. लॉरिमरचे स्पंदनही असेच असेल काय, अशी शंका बळावली. अखेर २०१५ साली एमिली पेट्रॉफ व सहकाऱ्यांनी पेरिटॉनचे मूळ शोधले. वेधशाळेतील मायक्रोवेव्ह ओव्हन बंद होण्याआधीच कोणी त्याचे दार उघडले की ते स्पंदन उठत असे! पेरिटॉन दुर्बिणीच्या सर्व झोतांत एकदम दिसत आणि मुख्यतः कामाच्या वेळात येत. लॉरिमरचे स्पंदन तसे नव्हते. ते खरे ठरले आणि त्यातून वेगवान रेडिओ स्फोटांची स्वतंत्र शाखा उभी राहिली. मूळ नोंदी नष्ट केल्या असत्या, तर हा निवाडा कधीच होऊ शकला नसता.

हदीसशास्त्राचा परिचय असलेल्या वाचकांना यात एक ओळखीची शिस्त दिसेल. इमाम बुखारी (८१०–८७०) व इतर मुहद्दिसांपुढे असंख्य रिवायती होत्या. त्यांनी केवळ आशय पसंत पडला म्हणून रिवायत स्वीकारली नाही किंवा नापसंत म्हणून टाकली नाही. कथन करणारा कोण, त्याची स्मरणशक्ती व सचोटी कशी, साखळी अखंड आहे काय, तीच गोष्ट स्वतंत्र मार्गाने आली आहे काय, हे निकष आधी ठरले. 'अस्माउर्रिजाल' हे कथनकर्त्यांच्या परीक्षणाचे स्वतंत्र शास्त्रच निर्माण झाले. विशेष म्हणजे जी रिवायत दुर्बल ठरली, तिच्या दुर्बलतेचे कारणही नोंदवले गेले. श्रद्धेचा विषय व यंत्राची नोंद या वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून ही तुलना पद्धतीपुरतीच समजावी. पण निकष आधी, निर्णय नंतर, आणि नाकारलेल्याचीही नोंद, ही शिस्त आपल्या परंपरेला परकी नाही, हे शिक्षकांनी जरूर सांगावे.

६. आज्ञावलीची मर्यादा

इतक्या चांगल्या आज्ञावली असतील तर दुर्बिणीभोवती शांतता राखण्याची गरज काय, असा प्रश्न सामान्य नागरिक विचारतात. तो गैर नाही. खोडद परिसरातील लोकांना रस्ते, उद्योग, मोबाइल, रेल्वे हवी आहे. पुणे–नाशिक रेल्वेमार्ग नारायणगावच्या बाजूने न्यावा काय, या चर्चेतही दुर्बिणीला होणारा व्यत्यय हा अलीकडच्या वर्षांत महत्त्वाचा मुद्दा ठरला.

उत्तर दोन भागांत देता येते. एक, व्यत्यय इतका तीव्र असेल की ग्राहक यंत्रणाच त्याने भरून जाईल, तर कोणतीही आज्ञावली हरवलेला संकेत परत आणू शकत नाही. लाउडस्पीकरजवळ बसलेल्या माणसाच्या कानात कुजबुज शिरतच नाही, मग ती गाळून कशी काढणार? दोन, गाळलेली माहिती ही गमावलेली माहिती असते. दुर्बिणीची संवेदनशीलता मिळालेल्या वेळ व पट्टारुंदीच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. २० टक्के माहिती टाकली तर संवेदनशीलता सुमारे ११ टक्क्यांनी घटते, निम्मी टाकली तर सुमारे २९ टक्क्यांनी. जे पल्सार मुळातच दिसण्याच्या सीमारेषेवर असतात ते या घटीत नाहीसे होतात, आणि कोणते नाहीसे झाले हे कळतही नाही. म्हणून सैल जोड घट्ट करणे, फुटका इन्सुलेटर बदलणे, योग्य जागा निवडणे हेच पहिले उपाय होत. आज्ञावली हा त्यानंतरचा उपाय आहे.

७. आपल्या महाविद्यालयांत काय करता येईल

या विषयासाठी महागड्या प्रयोगशाळेची गरज नाही.

(१) मध्यम लहरींचा जुना ट्रान्झिस्टर दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागेवर लावावा. तो मोबाइलचा चार्जर, एल.ई.डी. दिवा, पंख्याचा रेग्युलेटर व संगणक यांच्याजवळ क्रमाने न्यावा. कोणते उपकरण किती अंतरापर्यंत खरखर करते, याचा तक्ता विद्यार्थ्यांनी तयार करावा. महाविद्यालयाच्या आवाराचा हा छोटा 'व्यत्यय नकाशा' होईल.

(२) संख्याशास्त्राच्या तासाला वर दिलेल्या सात संख्यांचे उदाहरण संगणकाच्या तक्त्यात करून घ्यावे. ९५ च्या जागी १५, ३०, ५०० घालून सरासरी व मध्यक यांचे वर्तन तपासावे.

(३) संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी यादृच्छिक संख्यांचा तक्ता करून त्यात एक तिरपी क्षीण रेषा व एक उभी तीव्र रेषा मिसळावी आणि शून्य अपस्करणाची वजाबाकी लावून कोणती उरते ते पाहावे. त्यानंतर तिरपी रेषा हळूहळू उभी करीत न्यावी. कोणत्या टप्प्यावर खरा संकेतही नाहीसा होतो, हे त्यांना स्वतः दिसेल. हा प्रयोगाचा सर्वांत बोधप्रद भाग आहे.

(४) 'प्रेस्टो' व 'आर.एफ.आय.क्लीन' या दोन्ही आज्ञावली मुक्त परवान्याखाली सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यांचा मूळ मजकूर वाचता येतो. एखादा होतकरू विद्यार्थी निपाणीत बसूनही तो अभ्यासू शकतो. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडद येथे भरणाऱ्या विज्ञान प्रदर्शनाला सहल नेल्यास प्रत्यक्ष अँटेना पाहता येतात. भारत 'स्क्वेअर किलोमीटर अॅरे' या आंतरराष्ट्रीय दुर्बीण प्रकल्पात सहभागी झाला असल्याने या क्षेत्रात पुढील काळात प्रशिक्षित मनुष्यबळ लागणार आहे. त्यात आपल्या मुलामुलींची नावे असावीत, ही अपेक्षा अवास्तव नाही.

८. निष्कर्ष

रेडिओ व्यत्यय गाळणाऱ्या आज्ञावली सरासरी, मध्यक, वजाबाकी व फूरिए रूपांतर अशा परिचित गणितावरच उभ्या आहेत. त्यांचे खरे सामर्थ्य गणितापेक्षा शिस्तीत आहे. पृथ्वीवरील संकेत व आकाशातील संकेत यांत फरक कशाने पडतो हे आधी ठरवणे, त्यानुसार मर्यादा आखणे, काय टाकले याची नोंद ठेवणे, मूळ माहिती जपणे आणि ज्ञात पल्सार गाळणीतून सुखरूप बाहेर येतो काय याची चाचणी घेणे, या त्या शिस्तीच्या पायऱ्या होत.

आपल्या वर्गातही रोज अशीच गाळणी चालते. चुकीचे उत्तर म्हणून आपण जे खोडतो, त्यात एखादा वेगळा पण खरा विचार असू शकतो. मागच्या बाकावरून येणारा आवाज हा दरवेळी गोंगाटच असतो असे नाही. १९६७ साली कागदाच्या पट्टीवरील बारीकशा डागापाशी एक विद्यार्थिनी थांबली आणि आकाशातील एका नव्या जातीच्या ताऱ्यांचा शोध लागला. टाकण्यापूर्वी थांबण्याची ही सवय विद्यार्थ्यांना लावणे कोणत्याही आज्ञावलीच्या शिक्षणाइतकेच महत्त्वाचे आहे.